शाळेचा छोटा संगणक : खळे किती, बळद केवढे?

असे समजा की हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेसाठी ग्रामस्थांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी जमवली आहे. रक्कम मोठी नाही. टेबलावर मावेल असा एक छोटा संगणक घेण्यापुरतीच आहे. शहरातल्या दुकानातून दोन दरपत्रके आली. दोन्ही संगणकांची किंमत जवळजवळ सारखी. पहिल्या कागदावर लिहिले आहे : ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. दुसऱ्यावर : ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. समितीची बैठक बसते. एक अनुभवी सभासद म्हणतात, ‘‘गुरुजी, यात विचार काय करायचा? एक टीबी म्हणजे हजार जीबी. दोनशे छप्पनच्या जवळजवळ चौपट. पहिलाच घ्या!’’

तुम्ही त्या बैठकीला असता, तर काय सांगितले असते? संगणक एकच येणार आहे आणि तो पुढची सहा-सात वर्षे चालवायचा आहे. म्हणजे आज पाचवीत असलेली मुले दहावी होऊन बाहेर पडेपर्यंत हेच यंत्र. निवड चुकली तर विज्ञानाच्या तासाला यंत्र सुरू होण्याची वाट पाहण्यातच पाव तास जायचा. म्हणून या दोन आकड्यांमागे प्रत्यक्षात काय दडले आहे, ते नीट पाहू.

हळदीचे खळे

हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. हळद काढल्यानंतर ती शिजवतात, मग उघड्या जागेवर पसरून कित्येक दिवस वाळवतात, घासून चकचकीत करतात आणि नंतर बाजारात नेतात. आता एका शेतकऱ्याचा विचार करा. त्याच्याकडे माल ठेवायला भले मोठे बळद आहे; परंतु वाळत घालायला खळे मात्र एका घोंगडीएवढे. काय होईल? थोडी हळद आणायची, पसरायची, गोळा करायची, परत आत ठेवायची, दुसरी आणायची. माणसे दिवसभर राबतील, पण काम पुढे सरकणार नाही. बळद आणखी दुप्पट मोठे केले, तरी या हालात तसूभर फरक पडायचा नाही.

संगणकाची रॅम म्हणजे हे खळे. ज्या मजकुरावर, चित्रावर किंवा आकड्यांवर या क्षणी काम चालू आहे, ते रॅममध्ये पसरलेले असतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे बळद. काम नसताना सारे तिथे पडून असते. खळे अपुरे पडले की संगणक काय करतो? रॅममधली सध्या न लागणारी पाने उचलून साठवणीत ठेवतो आणि लागतील तेव्हा परत आणतो. ही ने-आण सुरू झाली की पडद्यावरचे ते लहानसे चक्र गरगरा फिरू लागते आणि आपण माउस आपटू लागतो. (माउसचा यात काही दोष नसतो.)

ही उपमा एका ठिकाणी मात्र लंगडी पडते. खळ्यावरची हळद रात्री तिथेच राहिली तरी सकाळी सापडते. रॅमचे तसे नाही. वीज गेली की खळे क्षणात रिकामे होते. असे का होते, हे समजण्यासाठी रॅमच्या आत डोकावले पाहिजे.

गळकी कुपी

आजच्या रॅममधला प्रत्येक कोश म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी उभा असलेला एक ट्रान्झिस्टर. कपॅसिटर ही विद्युतभाराची कुपी समजा. कुपी भरलेली असेल तर तो अंक १, रिकामी असेल तर ०. ही जोडणी आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधून काढली आणि तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. रचना इतकी साधी आहे की एका चिमुकल्या तुकड्यावर अब्जावधी कुप्या बसवता येतात. ८ जीबी रॅममध्ये किती असतील? ८ जीबी म्हणजे ८,५८,९९,३४,५९२ बाइट. प्रत्येक बाइटात ८ अंक. गुणाकार करून पाहा. उत्तर ६,८७१ कोटींहून अधिक येईल!

पण ही कुपी गळकी आहे. तिच्यातला भार आपोआप झिरपून जातो. म्हणून प्रत्येक कोश ठरावीक काळाने वाचून पुन्हा भरावा लागतो. सर्वसाधारण नियम ६४ मिलिसेकंदांचा आहे, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा. तुम्ही संगणकासमोर नुसते बसलेले असता तेव्हाही सगळ्या कुप्यांमध्ये ही भरण चालूच असते. तुकडा ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापला तर गळती वाढते आणि भरण दुप्पट वेगाने करावी लागते. वीज गेली की भरणारा कोणीच उरत नाही. न साठवलेला निबंध का नाहीसा होतो, याचे हे कारण आहे.

मग अशी गळकी वस्तू वापरायचीच कशाला? कारण ती विलक्षण चपळ असते. सध्या स्वस्त छोट्या संगणकांत आढळणारी डीडीआर-४ जातीची ३२०० वेगाची एक पट्टी घ्या. ती सेकंदाला ३२० कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट देऊ-घेऊ शकते. म्हणजे सेकंदाला २५·६ अब्ज बाइट. साध्या संगणकातले कोणतेही बळद या वेगाच्या जवळ येत नाही.

‘हिंगोली’ शब्दाला किती जागा?

आता ‘किती पुरेल?’ या प्रश्नाकडे वळू. बाइट हे माप हाताळल्याशिवाय त्याचे उत्तर सापडायचे नाही. ‘हिंगोली’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने सात चिन्हांचा आहे : ह, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ग, ओकाराचा काना-मात्रा, ल आणि दीर्घ वेलांटी. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणून ‘हिंगोली’ला २१ बाइट. इंग्रजी अक्षराला त्याच पद्धतीत एकच बाइट पुरतो. पूर्वी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची प्रमाण पद्धत होती (तिचे मानक १९९१ चे), तिच्यात आपल्याही चिन्हाला एकच बाइट लागे. तिपटीचा हा खर्च आपण जगातल्या सर्व लिप्या एकाच कागदावर नांदाव्यात म्हणून सोसतो, आणि माझ्या मते तो सोसण्याजोगा आहे.

हा सबंध लेख साठवायला पन्नास हजारांच्या आसपास बाइट लागतील. आता एक मौज पाहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टीफ्रॅक’ हा संगणक बांधण्यात आला आणि १९६० मध्ये तो कामाला लागला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती : २,०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० अंकांचा. म्हणजे एकूण ८१,९२० अंक, अर्थात १०,२४० बाइट. आपला हा एवढासा लेख ठेवायला तसे पाच टीफ्रॅक लागले असते! आणि तरीही त्या यंत्रावर त्या काळी खरेखुरे संशोधन झाले. स्मृती कमी असली की माणूस हिशेबी होतो; विपुल झाली की उधळतो. आजच्या आज्ञावल्या उधळ्या आहेत. विंडोज ११ ही प्रणाली किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण मागते. ‘किमान’ हा शब्द नीट वाचा. तेवढ्यात ती सुरू होते. काम करू देईलच असे नाही. नुसती उभी राहिली तरी चारांपैकी निम्म्याहून अधिक जागा ती स्वतःच अडवते. शिवाय छोट्या संगणकात चित्रासाठी वेगळी स्मृती सहसा नसते. पडद्यावरच्या चित्राचा वाटाही याच रॅममधून जातो. उरलेल्या जागेत संकेतस्थळांची पाच-सहा पाने उघडली की खळे भरले.

साठवणीचा हिशेब मात्र निराळा. नुसता मजकूर फारच थोडी जागा खातो. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे नरसी हे गाव याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या अभंगांची सबंध गाथा अक्षररूपाने टंकून ठेवली, तर ती मोबाइलवर काढलेल्या चार-दोन छायाचित्रांच्या जागेत मावेल. पण त्याच ग्रंथाच्या पानांची छायाचित्रे घेऊन ठेवली आणि एकेक पान अर्ध्या मेगाबाइटाचे धरले, तर हजार पानांना ५०० मेगाबाइट लागतील. आणि स्नेहसंमेलनाचे तासाभराचे चलच्चित्र? त्याला कित्येक जीबी लागतात. म्हणून ‘२५६ पुरेल का?’ असे दुकानदाराला विचारू नका. शाळा काय साठवणार आहे, ते आधी स्वतःलाच विचारा. प्रश्नपत्रिका, निकालपत्रके, पाठ्यपुस्तके, प्रयोगांच्या आज्ञावल्या एवढेच असेल, तर २५६ जीबीतले निम्मे बळद सहा वर्षांनीही रिकामे राहील. दरवर्षीची चलच्चित्रे ठेवायची असतील तर नाही पुरणार. पण त्यासाठी संगणकाच्या पोटातच जागा हवी असे नाही. त्याविषयी पुढे येईलच.

दुधाळ्याच्या माळावरून

हिंगोलीतल्या विद्यार्थ्यांना एक गणित इतरांपेक्षा अधिक जवळचे वाटेल. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये त्याला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांच्यातून धावणारा लेसर प्रकाश, आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने त्या भुजांच्या लांबीत पडणारा प्रोटॉनच्या व्यासाहूनही लहान फरक! अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली.

तिथून बाहेर काय पडते? आकडे. मुख्य नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा घेतली जाते. प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरा : सेकंदाला १,३१,०७२ बाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केलात तर दिवसाला सुमारे ११·३ जीबी भरतील. शिवाय भूकंपमापक, तापमान, आवाज अशा हजारो इतर नोंदी अखंड चालू असतात. त्या सगळ्या सांभाळायला संगणकांचे तांडे लागतात. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत ‘सारथी’ नावाचा असा संगणकसमूह या कामासाठी आहे.

शाळेच्या टेबलावरच्या यंत्राचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. या वेधशाळांच्या नोंदी गुरुत्वीय लहर मुक्त विज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य ठेवलेल्या असतात. पहिल्या लहरीच्या आजूबाजूची ३२ सेकंदांची, सेकंदाला ४,०९६ नोंदींची फाइल उतरवून घेता येते. तिच्यात ३२ × ४,०९६ म्हणजे १,३१,०७२ आकडे. ८ बाइटांनी गुणले की १०,४८,५७६ बाइट. बरोबर एक मेगाबाइट! दहावीच्या मुलांनी शिक्षकांच्या मदतीने तिचा आलेख काढावा. त्याला ४ जीबीचे यंत्रही पुरेल.

पण उत्साह वाढला आणि तुम्ही ४,०९६ सेकंदांची, पूर्ण वेगाच्या नोंदींची फाइल घेतलीत तर? रॅममध्ये उलगडल्यावर ती ५१२ मेगाबाइटांची होते. गोंगाटातून लहर वेगळी काढताना मूळ नोंद, तिची कडा गुळगुळीत केलेली प्रत, तिच्यातल्या कंप्रतांचे पृथक्करण आणि गाळलेली नोंद अशा चार प्रती एकाच वेळी खळ्यावर असतात. झाले २ जीबी. ४ जीबीच्या यंत्रात प्रणालीने आपला वाटा घेतल्यावर एवढी जागा उरत नाही. ने-आण सुरू होते आणि दोन मिनिटांचे काम तासभर रेंगाळते. ८ जीबीत ते निभते. १६ जीबी असेल तर उत्तमच, परंतु शाळेच्या पहिल्या यंत्रासाठी मी ८ वर थांबेन आणि वाढीची सोय पाहून ठेवीन.

फिरती तबकडी आणि कुलूपबंद भार

आता बळदाचे दोन प्रकार. हार्ड डिस्क ही जुनी जात. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांत पन्नास लाख अक्षरे मावत. वजन टनाच्या वर! तत्त्व आजही तेच : चुंबकीय लेप दिलेली तबकडी गरगर फिरते आणि तिच्या पृष्ठापासून काही नॅनोमीटर अंतरावर वाचकशीर्ष तरंगते.

तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते असे धरा. म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८·३ मिलिसेकंद. हवा तो भाग शीर्षाखाली येण्यासाठी सरासरीने अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे सव्वाचार मिलिसेकंद. त्याआधी शीर्षाला योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण सुमारे तेरा. तुम्ही म्हणाल, एवढासा वेळ! पण संगणक सुरू होताना हजारो लहान तुकडे ठिकठिकाणहून गोळा करायचे असतात. दहा हजार तुकडे धरले तर १३० सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. असा एक तुकडा दशांश मिलिसेकंदाच्या आसपास हाती येतो. तेच दहा हजार तुकडे एका सेकंदात! जाहिरातीत मात्र ओळीने वाचण्याचा वेगच छापलेला असतो : हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे ते दोनशे मेगाबाइट, साधी साटा एसएसडी साडेपाचशे, एनव्हीएमई जातीची तीन हजार किंवा त्याहून किती तरी अधिक. शाळेच्या कामात या शेवटच्या दोहोंतला फरक क्वचितच जाणवेल. तबकडीवरून एसएसडीवर जाण्याचा फरक मात्र पहिल्याच दिवशी जाणवतो. म्हणून एनव्हीएमईसाठी जादा पैसे मागितले, तर ते रॅमवर खर्च करावेत असे माझे मत आहे.

एसएसडीत अंक कसा टिकतो? तिथेही विद्युतभारच असतो, पण तो चारी बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या कप्प्यात कोंडलेला असतो. त्यामुळे वीज गेली तरी तो सुटत नाही. जपानमधल्या तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या ‘नँड’ जातीच्या फ्लॅश स्मृतीची माहिती जगापुढे मांडली. पुढे उत्पादकांनी एक युक्ती केली. पेला भरलेला की रिकामा, एवढेच न पाहता तो किती भरला आहे हे मोजायचे. चार पातळ्या ओळखल्या तर एका कप्प्यात दोन अंक, आठ ओळखल्या तर तीन, सोळा ओळखल्या तर चार. जागा वाढली, भाव उतरला. पण सोळा पातळ्यांतला फरक इतका बारीक की भार जरासा झिरपला तरी घोटाळा व्हायचा. शिवाय प्रत्येक लेखनाने रोधकाची थोडी झीज होते. म्हणून तीन अंकांची, ‘टीएलसी’ म्हणून ओळखली जाणारी जात मिळत असेल, तर चार अंकांच्या ‘क्यूएलसी’पेक्षा ती घ्यावी.

झीज होते म्हटल्यावर घाबरून जाऊ नका. उत्पादक एसएसडीवर एकूण किती लिहिता येईल याची हमी देतात. समजा ती १५० टीबी आहे आणि शाळा रोज २० जीबी लिहिते (हे फारच झाले). तर ७,५०० दिवस, म्हणजे वीस वर्षे! त्याआधी यंत्रच जुने होईल.

खरी काळजी वेगळी आहे. मे महिन्यात शाळा बंद असते, आणि मराठवाड्यातल्या पत्र्याच्या खोलीत त्या दिवसांत काय उकाडा होतो, हे तुम्हांला सांगायला नको. कोंडलेला भार उष्णतेने लवकर झिरपतो. ‘जेडेक’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमाप्रमाणे साध्या एसएसडीने आपले लेखनाचे आयुष्य संपल्यावरही, विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी यापेक्षा कितीतरी अधिक काळ टिकवते, म्हणून एका सुटीने काही बिघडत नाही. परंतु झिजलेली एसएसडी तापलेल्या कपाटात वर्षानुवर्षे नुसती ठेवून देणे शहाणपणाचे नाही. सुटीत एखाद्या दिवशी यंत्र चालू करावे, हे बरे.

पेटी उघडता येते का?

छोट्या संगणकाचे खरे कोडे त्याच्या लहानपणात आहे. पेटी जितकी लहान, तितकी आत हात घालायला जागा कमी. काहींमध्ये रॅम मुख्य फलकावर डाख देऊनच बसवलेली असते. ४ जीबी म्हणजे जन्मभर ४ जीबी. अगदी स्वस्त यंत्रांत साठवणीचा तुकडाही असाच डाख दिलेला असतो. तो बिघडला की सगळेच बाद. असे यंत्र कितीही गोजिरे दिसले तरी शाळेने घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगतो.

म्हणून दुकानात गेल्यावर पेटी उघडून दाखवायला सांगा. संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत. रॅमच्या खाचा किती आहेत? दोन असतील आणि एक रिकामी असेल तर सर्वांत छान. ८ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच पुढच्या वर्गणीसाठी राखून ठेवता येते. (४ च्या दोन पट्ट्या बसवल्या तर दोन वाटांनी ने-आण होऊन वेग थोडा वाढतो, हे खरे, पण वाढवायची वेळ आली की एक पट्टी काढून टाकावी लागते.) छोट्या पेट्यांत बहुधा लॅपटॉपची आखूड, सुमारे सात सेंटिमीटर लांबीची पट्टी बसते, मोठ्या पेटीतली सव्वातेरा सेंटिमीटरची तिथे मावत नाही. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांच्या खाचा जाणूनबुजून वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. एक दुसरीच्या जागी बसत नाही. जोर लावून बसवू पाहणारे हौशी लोक असतात, त्यांना दूर ठेवा.

एसएसडीच्या बाबतीत फसगत होते ती अशी : २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एम-२ आकाराची पट्टी साटा जातीचीही असते आणि एनव्हीएमई जातीचीही. दिसायला बहिणी-बहिणी. पण खाच कधी एकीलाच ओळखते. खरेदीपूर्वी माहितीपत्रकात पाहावे. आणखी अडीच इंची एसएसडीसाठी जागा असेल तर दुधात साखर.

घरी आणल्यावर एक धक्का बसेल. २५६ जीबीची एसएसडी संगणकात २३८ जीबी दिसेल. दुकानदाराने अठरा जीबी चोरले नाहीत! उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजतो. विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइट, म्हणजे २ चा तिसावा घात मोजते. २५६ अब्जांना त्या संख्येने भागा, २३८·४ येईल. रॅम मात्र दोघेही २ च्या घातातच मोजतात, म्हणून तिथे तूट दिसत नाही. चोरी निराळ्या ठिकाणी असते : काहीशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह म्हणून जे विकतात, त्यात. आतली इवलीशी स्मृती खोटा आकडा सांगते आणि भरल्यावर जुन्यावरच लिहिते. अशी वस्तू पूर्ण भरून, परत वाचून ताडून पाहणाऱ्या विनामूल्य आज्ञावल्या मिळतात. पैसे देण्यापूर्वी नाही, तरी परतीच्या मुदतीत तरी ती परीक्षा घ्यावी.

भावाविषयी एक गोष्ट. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी स्मृतीची एवढी मागणी केली की रॅमचे किरकोळ भाव काही महिन्यांत दुपटीहून वर गेले. तेव्हा मागल्या वर्षीच्या दरपत्रकावर विसंबू नका. दोन दुकानांची दरपत्रके एकाच दिवशी घ्या.

आणि तुमच्या शाळेत आधीचाच एखादा ४ जीबी आणि तबकडीचा संगणक धूळ खात पडला असेल तर? तो भंगारात काढू नका. तबकडीच्या जागी साटा एसएसडी आणि रॅमची एक जादा पट्टी, एवढ्यावर त्याला दुसरा जन्म मिळतो. फक्त एवढे पाहा : विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रक्रियक स्वीकारत नाही. तिथे लिनक्सची एखादी हलकी प्रणाली बसवावी. आलेख काढायला आणि आज्ञावली शिकायला ती यत्किंचितही उणी नाही.

वर्गात करून पाहा. संगणकात चालू कामांची यादी दाखवणारी खिडकी असते, तिच्यात स्मृतीचा आलेख दिसतो. काहीच उघडलेले नसताना किती जीबी वापरात आहेत ते लिहा. मग संकेतस्थळांची पाने एकेक करून उघडा आणि दर पानामागे आकडा टिपत जा. आलेखपत्रावर रेघ काढा. ती ज्या ठिकाणी रॅमच्या मर्यादेजवळ आडवी होऊ लागते, तिथेच यंत्र रेंगाळू लागल्याचे तुम्हांला दिसेल. हेच आलेखपत्र समितीपुढे ठेवा. दरपत्रकापेक्षा ते अधिक बोलके ठरेल.

आता त्या एक टीबीच्या तबकडीचे काय? तिला मी टाकाऊ म्हणत नाही. वेग नको, जागा हवी अशा कामाला ती अजूनही स्वस्त पडते. बाहेरून जोडायची एखादी हार्ड डिस्क पुढच्या वर्षी घ्यावी आणि तिच्यात संमेलनाची चलच्चित्रे, निकालपत्रके, नोंदी यांची प्रत ठेवावी. कारण एसएसडी बिघडते तेव्हा बहुधा आधी खडखडाट करून सूचना देत नाही. वीज अचानक जाणे हाही धोका आहेच. लिहिता-लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. यंत्र नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे देणारा यूपीएस खरेदीच्या यादीत धरलाच पाहिजे, नव्हे, पैसे कमी पडले तर पडदा लहान घ्या पण तो घ्या. प्रत ठेवलेली तबकडी संगणकाशेजारी न ठेवता दुसऱ्या खोलीत, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. ती नेताना-आणताना चालू असता कामा नये, कारण फिरत्या तबकडीला धक्का बसला की शीर्ष तिच्यावर आपटते. दर सहामाहीला ती जोडून दोन-चार फाइली खरोखर उघडतात का ते पाहावे. हे काम नववीच्या दोन विद्यार्थ्यांकडे द्यावे आणि तारीख वहीत लिहून ठेवावी.